वसिष्ठ-अरुंधतीची जोडी आणि ताऱ्यांचं वजन

मराठी लग्नात सप्तपदी झाली की गुरुजी नवरा-नवरीला आकाशाकडे बघायला सांगतात. आधी ध्रुव, मग सप्तर्षी, मग वसिष्ठाच्या शेजारची अरुंधती. "दिसली का?" असं विचारलं की "दिसली" म्हणायचं, ही रीत. आपल्याकडचे मुहूर्त बहुतेक सकाळ-दुपारचे. त्यामुळे करोल बागेतल्या एखाद्या हॉलच्या छताकडे, नाहीतर मांडवाबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे बघत कित्येकींनी हे उत्तर दिलेलं असणार. तुम्हीही त्यांच्यातल्याच असाल, तर ती तारका आता खरोखर बघायला हरकत नाही.

दरम्यान याच जोडीवरचा एक मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधीतरी येऊन गेला असेल. त्यात साधारण असं असतं: इतर ठिकाणी एक तारा स्थिर असतो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो, वसिष्ठ आणि अरुंधती मात्र दोघंही एकमेकांभोवती फिरतात, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, म्हणून नवदांपत्याला हीच जोडी दाखवतात. मेसेज गोड आहे, पुढे पाठवावासा वाटतो. पण त्यातलं थोडंसंच खरं आहे, आणि जे खरं आहे त्याचं महत्त्व मेसेज लिहिणाऱ्याला कळलेलं नाही. तारे जोडीने फिरतात, म्हणूनच माणसाला ताऱ्यांचं वजन करता आलं. (शास्त्रज्ञ 'वस्तुमान' म्हणतात, आपण घरगुती शब्द वापरू.)

एक ठिपका, सहा तारे

सप्तर्षींचा पतंग आणि त्याची शेपटी तुम्हाला माहीत असेल. शेपटीच्या टोकाला मरीची, टोकाकडून दुसरा वसिष्ठ. पाश्चात्त्य नाव मिझार. त्याला अगदी लागून एक मंद तारका दिसते, ती अरुंधती, म्हणजे अल्कोर. दोघांमधलं अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी आहे. नजर चांगली आणि आकाश काळं असेल तर दोघं वेगळे दिसतात. आधी मोठा तारा दाखवायचा, नजर तिथे ठरली की शेजारची बारीक तारका दाखवायची, या पद्धतीवरून संस्कृतात 'अरुंधतीदर्शनन्याय' असा शब्दच तयार झाला. सोप्याकडून अवघडाकडे न्यायचं असलं की पंडित तो वापरतात.

ही मंडळी आपल्यापासून सुमारे ८३ प्रकाशवर्षं दूर आहेत. आज रात्री तुमच्या डोळ्यात शिरणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा दिल्लीत इंग्रजांचं राज्य होतं.

आता दुर्बीण लावा. अगदी साधी, शाळेत असते तशी. अरुंधती लांब सरकते आणि वसिष्ठाचेच दोन तुकडे होतात: एक जास्त तेजस्वी, एक कमी. १६१७ च्या जानेवारीत बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी आपले गुरू गॅलिलिओ यांना पत्र लिहून हा तारा बघायला सुचवलं होतं. गॅलिलिओंनी दोन ताऱ्यांमधलं अंतर मोजलं, आणि त्यांचं माप आजच्या मापाच्या अगदी जवळ आहे. आपल्या दिल्लीतलं जंतरमंतर त्यानंतर शंभर वर्षांनी, १७२४ च्या सुमारास उभं राहिलं. पण सवाई जयसिंगांची ती अवाढव्य यंत्रं नुसत्या डोळ्यांनी वेध घेण्यासाठी होती. वसिष्ठाचं आकाशातलं स्थान त्यांच्यावर नेमकं मोजता आलं असतं, त्याचे दोन तुकडे मात्र दिसले नसते. (दिल्लीत पाहुणे आले की आपण त्यांना जंतरमंतर दाखवतो आणि सम्राट यंत्रापुढे फोटो काढून निघतो. तिथे उभं राहून ध्रुवाची दिशा शोधलेला पाहुणा अजून माझ्या पाहण्यात नाही.)

१८५७ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत या जोडीचा फोटो घेतला गेला. फोटोत उतरलेली ही पहिली तारकाजोडी. त्याच वेधशाळेने १८८९ मध्ये आणखी एक गंमत जाहीर केली, आणि ही दुर्बिणीतून बघून कळणारी नव्हती.

प्रकाश लोलकातून नेला की रंगांचा पट्टा पडतो आणि त्यात बारीक काळ्या रेघा असतात. वसिष्ठाच्या दोन तुकड्यांपैकी तेजस्वी तुकड्याच्या पट्ट्यात या रेघा काही दिवस एकेरी दिसत, मग दुहेरी होत, परत एकेरी. रिंग रोडवर अँब्युलन्स तुमच्याकडे येताना तिचा भोंगा चढा वाटतो आणि लांब जाताना उतरतो ना, प्रकाशाचंही तसंच होतं. जवळ येणाऱ्या ताऱ्याच्या रेघा निळ्याकडे सरकतात, दूर जाणाऱ्याच्या तांबड्याकडे. रेघा दुहेरी होतात याचा अर्थ तिथे दोन तारे आहेत, एक येतोय आणि एक जातोय. वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी ही बातमी जगाला दिली. तिथेच काम करणाऱ्या अँटोनिया मॉरी यांनी त्याच वर्षी अशी दुसरी जोडी शोधली.

हे दोन तारे साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. त्यांच्यातलं सरासरी अंतर पावणेचार कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्यापासून बुध जितका दूर आहे त्यापेक्षाही कमी. प्रत्येक जण सूर्याच्या सुमारे अडीचपट जड. पुढे १९०८ मध्ये वसिष्ठाचा मंद तुकडाही जोडीच असल्याचं कळलं. तिची फेरी साधारण १७५ दिवसांची. म्हणजे वसिष्ठ चार ताऱ्यांचा झाला. आणि २००९ मध्ये अरुंधतीला अगदी चिकटून असलेला एक छोटा लाल तारा सापडला. एकूण सहा. लग्नात आपण जोडपं म्हणून ज्यांना दाखवतो ते चांगलं एकत्र कुटुंब निघालं.

मग मेसेजचं काय?

वसिष्ठ आणि अरुंधती गुरुत्वाकर्षणाने बांधलेले आहेत का? बहुधा हो. दोघं आकाशातून एकाच दिशेने, जवळजवळ सारख्याच वेगाने चालले आहेत. पण ते काही एकटे नाहीत. सप्तर्षींमधले क्रतू आणि मरीची सोडले तर बाकीचे पाचही तारे याच तांड्यात आहेत, एकाच वायुमेघातून जन्मलेले. वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांभोवती फिरत असले, तरी त्यांच्यातलं अंतर इतकं अफाट आहे की एका फेरीला निदान काही लाख वर्षं लागतील. साडेवीस दिवसांची फेरी आहे ती वसिष्ठाच्या पोटातल्या दोन ताऱ्यांची. त्यांच्यात अरुंधती नाही.

आणि 'फक्त हीच जोडी एकमेकांभोवती फिरते' हे तर साफ चूक. एकाने जागच्या जागी उभं राहायचं आणि दुसऱ्याने फिरायचं, असं आकाशात कुठेच होत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा सूर्यही किंचित हलतो. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना एक किंवा अधिक जोडीदार आहेत आणि ते सगळे एकमेकांभोवती फिरतात. पूर्वजांनी अरुंधतीला मान दिला तो तिच्या निष्ठेच्या कथेमुळे. ते कारण पुरेसं सुंदर आहे, त्याला भौतिकशास्त्राचा टेकू कशाला? भीष्मपर्वातल्या अरुंधतीच्या उल्लेखावरून महाभारत युद्धाची तारीख काढणारेही लोक आहेत. तो वाद इथे उघडला तर लेख संपायचा नाही.

फुगडी आणि आठ हजार भागिले अडीच हजार

तारे एकमेकांभोवती कसे फिरतात ते समजायला फुगडी आठवा. सारख्या वजनाच्या दोन मैत्रिणी फुगडी घालतात तेव्हा दोघींची वर्तुळं सारखी असतात. पण आई आणि पाच वर्षांची लेक फुगडी घालायला लागल्या, की आई जवळजवळ जागेवर गिरकी घेते आणि लेक मोठ्या वर्तुळात भिरभिरते. कोणाचं वर्तुळ किती मोठं, हे पाहून कोण कोणाच्या किती पट जड ते सांगता येतं. वजनकाटा लागत नाही. आकाशात नेमकं हेच करतात.

दोघांचं मिळून वजन किती, हे केप्लरच्या नियमाने निघतं. घरातल्या सातवी-आठवीतल्या मुलाला बोलवा. आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याचं, व्याधाचं उदाहरण घ्या. त्यालाही जोडीदार आहे. दोघांमधलं सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे २० पट, आणि एका फेरीला लागतात ५० वर्षं. अंतर तीनदा मांडून गुणा: २० × २० × २० = ८०००. वर्षं दोनदा मांडून गुणा: ५० × ५० = २५००. आता आठ हजाराला अडीच हजाराने भागा. उत्तर ३.२. म्हणजे दोघं मिळून सूर्याच्या साधारण तीनपट जड! अंतर आणि वर्षं अचूक घेतली तर उत्तर ३.१ येतं. फुगडीच्या हिशोबाने त्याची वाटणी केली, की व्याध सूर्याच्या दुपटीहून किंचित जास्त आणि जोडीदार जवळपास बरोबर सूर्याएवढा.

८.६ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचं वजन स्वयंपाकघरातल्या टेबलावर निघालं. एकट्या ताऱ्याबाबतीत ही सोय नाही. त्याचा रंग कळतो, तेज कळतं, तापमान कळतं. वजन मात्र जोड्यांवरून बसवलेल्या कोष्टकात घालूनच काढावं लागतं. आणि ताऱ्याचं सगळं नशीब वजनावर ठरतं: तो किती प्रखर जळणार, किती वर्षं जगणार, शेवटी त्याचं काय होणार.

पुण्यातला जोडताऱ्यांचा वेडा

दुर्बिणीत दोन तारे शेजारी दिसले तरी ते खरे जोडीदार असतीलच असं नाही. एक जवळ आणि दुसरा त्याच्या मागे खूप लांब असू शकतो, नुसते एका रेषेत आलेले. काही जोड्या खरोखर एकमेकांभोवती फिरतात हे विल्यम हर्शेल यांनी १८०३ मध्ये दाखवून दिलं. त्यानंतर जोड्या मोजायची लाटच आली: कोन मोजा, अंतर मोजा, काही वर्षांनी परत मोजा.

या लाटेत पुणंही होतं, हे फारसं कोणाला माहीत नसतं. ईस्ट इंडिया कंपनीचे इंजिनिअर कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब यांनी १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली आणि २४४ जोडताऱ्यांची यादी तयार केली. उत्तरेकडच्या युरोपातून दक्षिणेचं आकाश नीट दिसत नाही, पुण्यातून दिसतं. त्यामुळे या कामाला मोल होतं. वृश्चिकेच्या डोक्याजवळच्या एका जोडीतला मंद तारा स्वतःच जोडी आहे, हे १८४७ मध्ये त्यांनीच टिपलं.

मग ते मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. तिथे त्यांचं लक्ष गेलं भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० क्रमांकाच्या ताऱ्याकडे. ही नारिंगी जोडी आपल्यापासून १७ प्रकाशवर्षांपेक्षाही जवळ आहे आणि तिची फेरी ८८ वर्षांची. जेकब यांना दिसलं की हिशोबाने तारा जिथे असायला हवा, तिथे तो नेमका नसतो. थोडा इकडे, थोडा तिकडे. १८५५ मध्ये त्यांनी लिहिलं की या जोडीत न दिसणारा एक ग्रह असावा, तोच ताऱ्याला ओढत असणार. सूर्यमालेबाहेर ग्रह असल्याचा, मोजमापांच्या आधारावर केलेला हा पहिल्या काही दाव्यांपैकी एक.

तो ग्रह नव्हता. पुढच्या पिढ्यांनी मापं तपासली तेव्हा डगमग ताऱ्यात नसून मोजमापात असल्याचं निघालं. चूक झाली खरी, पण माझ्या मते विचारात खोट नव्हती. अदृश्य जोडीदार दृश्य ताऱ्याला हलवतो, हीच कल्पना घेऊन १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला. फक्त मापं जेकब यांच्यापेक्षा कितीतरी पट बारीक होती.

प्रकृतीमुळे जेकब इंग्लंडला परतले. पण पुण्याजवळच्या डोंगरावर, स्वच्छ हवेत वेधशाळा उभारायची त्यांची इच्छा होती. त्यासाठी पार्लमेंटने पैसेही मंजूर केले. १८६२ च्या ८ ऑगस्टला ते मुंबईत उतरले. १६ ऑगस्टला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय पन्नासही नव्हतं. डोंगरावरची वेधशाळा राहूनच गेली.

आज पुणे जिल्ह्यातच, नारायणगावजवळच्या खोडद परिसरात, प्रत्येकी ४५ मीटर रुंदीच्या तीस अँटेना उभ्या आहेत. हीच जीएमआरटी, म्हणजे महाकाय रेडिओ दुर्बीण. तिने शोधलेला पहिला स्पंदक तारा, ज्याची बातमी २००४ मध्ये आली, तो जोडीतलाच निघाला. हा मेलेला तारा सेकंदात दोनशे गिरक्या घेतो आणि अत्यंत लांबट वाटेने जोडीदाराभोवती जवळपास १९ दिवसांत फिरतो. वजन काढायची रीत इथेही फुगडीचीच.

व्याधाचा जोडीदार आणि दिल्ली विद्यापीठ

जेकब गेले त्याच वर्षी, ३१ जानेवारीला, अमेरिकेत अल्वन क्लार्क हा तरुण एका नव्या मोठ्या भिंगाची परीक्षा घेत होता. त्याने ते व्याधाकडे वळवलं, आणि व्याधाच्या झगमगाटात त्याला एक बारीक ठिपका दिसला. जर्मनीत बेसेल यांनी १८४४ मध्येच सांगून ठेवलं होतं, की व्याध नागमोडी चालतो, म्हणजे त्याला कोणीतरी अदृश्य सोबती असणार. जेकब यांनी केला तसाच तर्क. इथे तो बरोबर ठरला.

पण खरा धक्का नंतर बसला. वजन निघालं सूर्याएवढं, आणि तेज मात्र व्याधाच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्श्याइतकं. थंड असेल म्हणून मंद असेल, असं वाटलं होतं. १९१५ मध्ये त्याच्या प्रकाशाचा पट्टा तपासला तेव्हा उलटंच दिसलं: तो चांगलाच तापलेला, पांढराशुभ्र तारा होता. आज त्याचं तापमान सुमारे २५,००० अंश धरतात, व्याधाच्या अडीचपट. इतका तापलेला आणि तरी इतका मंद, याचा अर्थ एकच: तो अगदी लहान असला पाहिजे. किती लहान? आपल्या पृथ्वीपेक्षाही किंचित छोटा. सूर्याचा सगळा ऐवज पृथ्वीएवढ्या गोळ्यात ठासून भरलेला. त्यातला चहाचा एक चमचा भरला तर तो दहा टनांहून जड होईल. त्याच्या पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे चार लाख पट. अशा ताऱ्यांना श्वेतखुजा म्हणतात.

लक्षात घ्या, तो जोडीत नसता तर त्याचं वजन कळलं नसतं, आणि वजन कळलं नसतं तर हे गूढ कोणाच्या डोक्यातही आलं नसतं.

पदार्थ इतका दाबला कसा जातो? केंब्रिजचे राल्फ फाउलर यांनी १९२६ मध्ये त्याचं उत्तर दिलं: अणू फुटतात, इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि सुटे इलेक्ट्रॉन एका मर्यादेपलीकडे जवळ यायला नकार देतात, त्या नकारावर तारा तोलून राहतो. फाउलरांकडे शिकायला निघालेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या एकोणीस वर्षांच्या मुलाने १९३० मध्ये बोटीवर गणित केलं आणि श्वेतखुज्यालाही वजनाची कमाल मर्यादा असते हे शोधलं. आज ती सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते.

फाउलरांचा दुसरा भारतीय विद्यार्थी मात्र दिल्लीकरांनाही चटकन आठवत नाही. उदयपूरचे दौलतसिंह कोठारी १९३४ मध्ये दिल्ली विद्यापीठात आले आणि इथला भौतिकशास्त्र विभाग त्यांनी घडवला. इथेच त्यांनी 'दाबाने अणू फुटणे' या प्रश्नावर काम केलं. उष्णतेने अणूतले इलेक्ट्रॉन सुटतात हे मेघनाद साहांनी आधीच दाखवलं होतं. कोठारींचं म्हणणं, की उष्णता नसली तरी नुसत्या प्रचंड दाबाने अणू चिरडून तेच होतं. त्यातून एक मजेदार निष्कर्ष निघाला: थंड गोळा हवा तेवढा मोठा होऊ शकत नाही. त्यात माल घालत गेलात तर तो साधारण गुरू ग्रहाएवढा फुगतो. त्यापुढे माल घातला की आकार वाढायच्या ऐवजी आकसायला लागतो, आणि वाट श्वेतखुज्याकडे जाते. सूर्याएवढं वजन पृथ्वीएवढ्या गोळ्यात मावलं कसं, याच्या उत्तराचा एक तुकडा असा दिल्लीत लिहिला गेला. कोठारी पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि शिक्षण आयोगामुळे त्यांचं नाव घरोघरी गेलं, ताऱ्यांवरचं काम मागे राहिलं.

व्याधाच्या या जोडीचा भूतकाळही वजनावरूनच उलगडतो. दोघं एकाच वेळी जन्मले, साधारण २० ते २५ कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा आजचा हा खुजा थोरला होता, सूर्याच्या सुमारे पाचपट जड. जड तारा इंधन उधळतो आणि लवकर संपतो. तो फुगला, बाहेरचे थर अवकाशात सोडून दिले, आणि आतला गाभा उरला. धाकटा व्याध अजून भरात आहे.

काही जोड्या तर इतक्या जवळ असतात की एक दुसऱ्याचा माल ओढून घेतो. ययाती तारकासमूहातला अल्गोल तसा आहे. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावतो, कारण मंद जोडीदार तेजस्वी ताऱ्यासमोरून जातो. १७८३ मध्ये हा आवर्तनकाळ शोधून हे ग्रहणच असावं असं सुचवणारा जॉन गुडरिक अठरा वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं. ग्रहण किती वेळ चालतं त्यावरून ताऱ्यांचा आकारही निघतो, हा अशा जोड्यांचा आणखी एक फायदा. अल्गोलमध्ये हलका तारा आधी म्हातारा झालेला दिसतो, जे नियमाच्या उलट आहे. उलगडा असा, की तो पूर्वी जड होता. फुगल्यावर त्याचा बराचसा माल शेजाऱ्याने पळवला.

दिल्लीतून कधी, कुठे

अरुंधतीसाठी उन्हाळा. मेच्या अखेरीस रात्री नऊ-सव्वानऊला उत्तरेकडे तोंड करा. वसिष्ठ चांगला उंचावर, क्षितिजापासून डोक्यापर्यंतच्या वाटेच्या दोन-तृतीयांशावर असतो. पुण्याच्या नातेवाइकांना तो थोडा खाली दिसेल. ध्रुवाचंही तसंच: दिल्लीत तो साडेअठ्ठावीस अंशांवर, पुण्यात साडेअठरावर. गुरुग्राम किंवा नोएडाच्या उजेडात वसिष्ठ दिसेल, अरुंधती बहुधा हरवेल. दोष तुमच्या नजरेचा नाही. बायनॉक्युलर असेल तर लगेच दिसेल. नसेल तर फोन गच्चीच्या कठड्यावर विटेला टेकवा, नाइट मोड लावा, टायमर ठेवा म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही, आणि फोटो मोठा करून शेपटीतला दुसरा तारा बघा. लग्नाच्या अल्बममध्ये जी सुटली ती इथे सापडण्याची बरीच शक्यता आहे. वसिष्ठाचेच दोन तुकडे पाहायला दुर्बीण लागेल. तीन मूर्ती भवनाच्या आवारातलं नेहरू तारांगण १९८४ पासून सुरू आहे. तिथल्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.

व्याधासाठी थंडी. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे बघा. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण ज्या दिशेने आला, तिथेच खाली डावीकडे तो असतो. धुरक्यातही दिसणारा हा बहुधा एकमेव तारा. त्याचा जोडीदार मात्र चांगल्या दुर्बिणीतूनही मुश्किलीने दिसतो. दोघं २०१९ च्या सुमारास एकमेकांपासून सर्वांत दूर होते, आता हळूहळू जवळ सरकताहेत, आणि २०४४ च्या आसपास सर्वांत जवळ असतील. तेव्हा तो ठिपका वेगळा काढणं जास्तच अवघड होईल. त्यामुळे बघायचा असेल तर हीच वर्षं बरी.